झाडाचे रिकामे वर्ष

‘बीच’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. वाळू, भेळ, फुगेवाला. मी म्हणते आहे तो बीच वेगळा. हे युरोपातले एक झाड आहे. उंच, सरळ, हत्तीच्या पायासारख्या राखाडी पण गुळगुळीत बुंध्याचे. इंग्रज त्याला बीच म्हणतात, जर्मन लोक बूखे. आपल्या देशात ते जंगली वाढत नाही, त्यामुळे त्याला मराठी नाव असायचे काही कारणच नाही.

जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला शब्द दिसला की तो सोलून पाहायची खोड असते. जर्मन भाषेत झाड ‘बूखे’, पुस्तक ‘बूख’ आणि अक्षर ‘बूखश्टाबे’, म्हणजे शब्दशः बूखेची काडी! पूर्वी त्या लाकडावर अक्षरे कोरत असत, त्यावरून हे शब्द आले अशी जुनी व्युत्पत्ती आहे. सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना ती मान्य नाही, पण मला आवडते. आपण भूर्जपत्रावर लिहिले. तो ‘भूर्ज’ आणि इंग्रजीतला ‘बर्च’ एकाच मुळातले. म्हणजे त्यांचेही पुस्तक झाडातून आले आणि आपलेही. एवढी ओळख मला त्या झाडाशी बोलायला पुरेशी वाटली.

माझी मुलगी जर्मनीत कासेल या गावी राहते. गावापासून तासाभराच्या अंतरावर केलरवाल्ड-एडरझे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. २००४ साली ते झाले आणि २०११ साली तिथल्या जुन्या बीचच्या जंगलाला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. माणसाने हात लावला नसता तर जर्मनीचा बराच मोठा भाग बीचच्या जंगलाने झाकलेला असता, असे तिथले वनशास्त्रज्ञ सांगतात. आज तिथल्या एकूण जंगलात बीचचा वाटा साधारण सहावा हिस्सा आहे. हे जंगल मी तीन शरद ऋतूंत पाहिले. २०११, २०१२ आणि २०१८. तिन्ही वेळा झाडे तीच होती आणि तिन्ही वेळा जंगल वेगळे होते. त्या वेगळेपणाबद्दल आज लिहायचे आहे.

२०११ च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा पहिल्यांदा काही दिसण्याआधी ऐकू आले. वारा नव्हता, तरी सगळीकडे टप टप चालले होते. पावलागणिक पायाखाली काहीतरी कडकड फुटत होते. वाकून पाहिले तर जमीन बियांनी भरलेली. बीचचे फळ म्हणजे एक लहानसे काटेरी बोंड. ते पिकले की चार पाकळ्यांसारखे उघडते आणि आत दोन बिया असतात. चकचकीत तपकिरी, तीन धारांच्या, चिंचोक्याहून लहान. टरफल नखाने सोलता येते. आतल्या गराची चव अक्रोड आणि कच्चा शेंगदाणा यांच्या मधली. चार-पाच खाल्ल्या तर चालतात, कच्च्या ओंजळभर खाल्ल्या तर पोट बिघडते, म्हणून भाजून खातात. एका चौरस मीटरमध्ये शेकडो बिया पडलेल्या होत्या. नात मोजायला बसली आणि दोनशेच्या पुढे कंटाळून उठली.

मुलीच्या शेजारी एक आजी राहत. त्यांचा जन्म १९३८ चा. मी नातीबरोबर पिशवीभर बिया घेऊन आले ते त्यांनी जिन्यात पाहिले, एक बी उचलली, दाताने फोडली आणि बोलायला लागल्या. मुलगी भाषांतर करत होती, पण पुढे पुढे तीही थांबून नुसती ऐकत राहिली. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री बाँबहल्ल्यात कासेल जळाले. या तेव्हा पाच वर्षांच्या, मावशीकडे खेड्यात होत्या म्हणून वाचल्या. युद्ध संपले तरी भूक संपली नव्हती. रेशनवर चरबी मिळायची ती बोटाला लावण्याइतकी. आणि १९४६ च्या शरदात बीचची झाडे अशी लगडली! सगळा गाव जंगलात. शाळेची मुलेसुद्धा बिया वेचायला. थंडीने बोटे वाकत नसत. घरी आणून पाखडायच्या, पोकळ निघतील त्या वेगळ्या करायच्या, आणि भरलेल्या गिरणीवर द्यायच्या. त्या बदल्यात तेल मिळायचे. त्या तेलात आईने तळलेल्या बटाट्याच्या थालीपिठांची चव (त्यांचा शब्द वेगळा होता, थालीपीठ माझे) अजून जिभेवर आहे, म्हणाल्या.

“आणि पुढच्या वर्षी?” मी विचारले.

“पुढच्या वर्षी झाडावर काहीच नव्हते. आम्ही पिशव्या घेऊन गेलो आणि तशाच परत आलो.”

हे ऐकले तेव्हा मला ते केवळ दुर्दैव वाटले. दुसऱ्या वर्षी, २०१२ च्या ऑक्टोबरात, मी त्याच जंगलात त्याच वाटेने गेले. शांतता. टप टप नाही, कडकड नाही. बुंध्याशी शोधून शोधून मागल्या वर्षीची काळी पडलेली रिकामी बोंडे सापडली. नवी बी एकही नाही. झाडे मात्र ठणठणीत होती, मागच्या वर्षापेक्षा पानांनी जास्त भरलेली. आणि पाने गळत होती.

पानगळ आपल्याकडेही होते, पण तिची तऱ्हा निराळी. आमच्या कोकणात ऐन, किंजळ, साग उन्हाळ्याच्या तोंडाला पाने टाकतात, कारण पुढे पाणी नसते. तिथे पुढे हिवाळा असतो. दिवस लहान होऊ लागले की बीच पानातला हिरवा रंग मोडतो आणि त्यातले नत्र, स्फुरद असे जे मोलाचे आहे ते फांदीत परत ओढून घेतो. घर सोडण्यापूर्वी आपण भांडीकुंडी हलवतो आणि भिंती तेवढ्या मागे ठेवतो, तसे. मग देठाशी एक पातळ पडदा तयार होतो आणि पान सुटते. आधी पिवळे, मग तांब्याच्या जुन्या भांड्याच्या रंगाचे. लहान झाडे आणि खालच्या फांद्या मात्र ही वाळकी पाने हिवाळाभर धरून ठेवतात, नवी पालवी येईपर्यंत.

कासेलच्या उत्तरेला झोलिंग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या बीचच्या जंगलात हाइन्झ एलेनबेर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६६ साली एक मोठा प्रकल्प सुरू केला. जंगलात काय येते आणि काय जाते याचा चोख हिशेब. पडणारी पाने, बिया, काटक्या झेलून घ्यायच्या, वाळवायच्या, निवडायच्या आणि तोलायच्या. अशा मोजण्यांतून कळले की बीचच्या जंगलात वर्षाला हेक्टरी तीन टनांच्या आसपास नुसती पाने पडतात. कोकणातली आहे मी. पातेरा गोळा करण्यात आणि भाजवळीत माझे बालपण गेले आहे. पण पातेरा कोणी वैज्ञानिक काट्यावर तोलतो हे कळल्यावर मला त्या लोकांविषयी फार आपुलकी वाटली.

या तोलण्यातून आणखी एक गोष्ट समोर येते. पान आणि बी यांचे खाते एकच आहे. बीचच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. जास्त कळ्या फुलांच्या झाल्या की पानांना वाटा कमी येतो. म्हणून भरगच्च बियांच्या वर्षी पाने लहान आणि विरळ असतात, आणि खोडातले त्या वर्षीचे कडे अरुंद पडते. पुढच्या वर्षी बी नाही, तेव्हा पान भरपूर. २०१२ मध्ये मला झाडे जास्त हिरवी वाटली होती, त्याचे कारण हे. झाड रिकामे नव्हते, ते मागचा खर्च भरून काढत होते.

पण एवढ्यावर कोडे सुटत नाही. दमलेले झाड विश्रांती घेते हे समजले. सगळी झाडे एकाच वर्षी का दमतात? शेजारचे झाड या वर्षी, पलीकडचे पुढच्या वर्षी असे का नाही? २०११ साली जर्मनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीच बियांनी लगडले होते आणि २०१२ मध्ये जवळजवळ कुठेच काही नव्हते.

याचे एक उत्तर आहे उंदीर. बीचची बी म्हणजे तेलाची कुपी. रानउंदीर, खारी, डुकरे, पाखरे सगळ्यांना ती हवी असते. एक चिमुकला पतंग तर कोवळ्या बोंडावरच अंडी घालतो आणि त्याची अळी आत बसून बी पोखरते. झाडाने दर वर्षी थोडे थोडे बी दिले, तर खाणारे दर वर्षी पोसले जातील आणि बी एकही उरणार नाही. म्हणून झाड काही वर्षे हात आखडते. खाणारे उपाशी राहतात, त्यांची संख्या घटते. मग एका वर्षी सगळी झाडे मिळून इतके ओततात की खाणाऱ्यांना खाऊन संपत नाही. जे उरते त्यातून रोपे येतात. दुसरे उत्तर परागकणांचे. बीचचे पराग वाऱ्यावर जातात. एकटे झाड फुलले तर वारा रिकामाच फिरतो. सगळी एकदम फुलली तर बोंडात भरलेल्या बिया धरतात, पोकळ कमी निघतात.

राहिला प्रश्न की झाडांना एकमेकांचे कळते कसे? तर सांगणारा एकच आहे, आकाश. आदला उन्हाळा उष्ण गेला, आणि त्याच्याही आदला थंड, ओला गेला असेल, तर तिसऱ्या वर्षी बीच फुलतो. म्हणजे झाड दोन उन्हाळ्यांची तुलना करते! २०२४ साली पोलंडमधल्या पोझ्नान विद्यापीठाच्या आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी यात एक सुंदर भर घातली. उन्हाळ्यातल्या कोणत्या दिवसांची ऊब झाड धरते? तर २१ जूनच्या सुमारास सर्वांत मोठा दिवस होऊन गेला की त्यानंतरच्या दिवसांची. थंड उत्तरेत असो की उबदार दक्षिणेत, मोठा दिवस सगळीकडे एकाच तारखेला येतो. त्यामुळे शेकडो कोसांवरची झाडेही एकाच वेळी कान देऊ लागतात. शाळेची घंटा म्हणा ना. वर्ग वेगळे, मजले वेगळे, पण घंटा एक.

आता त्या भरलेल्या वर्षाच्या मागून काय येते तेही सांगायला हवे, नाहीतर चित्र अर्धे राहील. २०११ च्या बिया खाऊन हिवाळाभर रानउंदीर माजले. तिथे तांबूस पाठीचा एक रानउंदीर असतो, त्याच्या अंगी हंता जातीचा एक विषाणू राहतो. त्याच्या वाळलेल्या लेंड्यांची धूळ नाकात गेली की माणसाला ताप येतो, मूत्रपिंडाला त्रास होतो. जर्मनीत एरवी काही वर्षे या आजाराच्या काहीशेच नोंदी होतात. २०१२ मध्ये २८०० हून अधिक झाल्या. मी गेले त्या शरदात मुलीच्या घरी तळघर आणि बागेतली अवजारांची खोली झाडण्याआधी पाणी शिंपडायचा नियम होता. केर काढण्याआधी सडा घालायचा हे मला नवीन नव्हते. त्याचे कारण नवीन होते.

आपल्या देशाला ही साखळी अधिक कडू चवीने ठाऊक आहे. मिझोराममधला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. तिथे त्याला मौताम म्हणतात. १९५९ च्या सुमारास तो फुलला, उंदीर बेसुमार वाढले, बांबूचे बी संपल्यावर शेतात शिरले आणि माणसांवर दुष्काळ आला. सरकारी मदत अपुरी पडली. दुष्काळनिवारणासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट निघाली, १९६६ मध्ये उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडले. इतिहासाच्या तासाला मी हा उठाव शिकवला आहे, पण पुस्तकात उंदीर नव्हते.

शाळेत असताना झाडांच्या परोपकारावरची कितीतरी सुभाषिते आम्ही मुलांकडून पाठ करून घेतली. झाड दुसऱ्यांसाठी फळते, स्वतः उन्हात उभे राहते वगैरे. बीच पाहिल्यापासून मला त्या सुभाषितांचा अर्थ थोडा सैल धरावासा वाटतो. हे झाड कोणासाठीही फळत नाही. ते आपल्या रोपासाठी फळते, आणि त्यासाठी चार वर्षे इतरांना उपाशी ठेवायची त्याची तयारी असते. शेजारच्या आजींना १९४६ साली तेल मिळाले ते झाडाच्या दयेने मिळाले नाही. त्यांची भूक आणि झाडाचे वर्ष यांची गाठ पडली, एवढेच. मी हे त्यांना बोलून दाखवले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “मग काय! झाडाला आमचे काय ठाऊक? पण आम्ही त्या वर्षी त्याला देव मानले.” दोन्ही खरे आहे असे मला वाटते.

त्या २०१२ च्या रिकाम्या जंगलात आणखी एक गोष्ट होती, ती मला परतीच्या वाटेवर दिसली. बिया आधी पडतात आणि त्यांच्यावर पाने पडतात. तो पातेरा त्यांचे गोठण्यापासून आणि वाळण्यापासून रक्षण करतो. बीचचे पान चिवट, ते लवकर कुजत नाही, दोन-तीन वर्षे थर राहतो. वसंतात बी त्यातून वर येते. ज्या बिया त्या वसंतात रुजत नाहीत त्या कुजून जातात, पुढच्या वर्षासाठी मातीत शिल्लक राहत नाहीत. तर त्या पातेऱ्यातून वीतभरही नसलेली रोपे डोके काढून होती. दोन-चार पाने प्रत्येकी. जिथे पाहावे तिथे. सगळी २०११ च्या बियांची, म्हणजे एकाच इयत्तेतली. त्यांतली बहुतेक मरणार. उरतील ती मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षे, कधी कधी दशकानुदशके, जवळपास न वाढता उभी राहणार. एखादे म्हातारे झाड पडले आणि वरून उजेडाचा तुकडा आला, की मग वाढायला लागणार. जंगलात दाट उभे असलेले बीच स्वतः बी धरायला लागते तेच मुळी वयाच्या पन्नाशी-साठीच्या पुढे. आमच्या निवृत्तीच्या वयाला!

तिसऱ्यांदा गेले ती २०१८ च्या सप्टेंबरात. पानगळ बघायला अजून महिना-दीड महिना होता, निदान तसे वाटले होते. त्या वर्षी युरोपात भयंकर कोरडा उन्हाळा झाला होता. जंगलात शिरले तर पायाखाली कुरकुर आवाज. झाडांनी पाने आधीच टाकली होती. तांब्याचा रंग यायची वाट न पाहता, काही तर अर्धी हिरवीच. आतले मोलाचे परत ओढून घ्यायला वेळच मिळाला नसावा. भांडीकुंडी न आवरता घर सोडावे लागलेल्या माणसांसारखे ते दिसत होते. २०१९ आणि २०२० चे उन्हाळेही कोरडे गेले. मुलीने पाठवलेल्या फोटोंत काही जुन्या बीचचे शेंडे वाळलेले होते.

कोरडे उन्हाळे डोळ्यांना दिसतात. न दिसणारे नुकसान मला अधिक अस्वस्थ करते. इंग्लंडमध्ये १९८० पासून काही मंडळी ठरावीक बीच झाडांखाली दर वर्षी शरदात जातात. प्रत्येक झाडाखाली बरोबर सात मिनिटे बिया वेचतात, मोजतात, पोखरलेल्या आणि पोकळ वेगळ्या करतात. सात मिनिटे, दर वर्षी, चाळीस वर्षे. अशा कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण २०२० साली या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसले की उन्हाळे तापू लागल्यापासून बीचचा ताल बिघडत चालला आहे. उबदार उन्हाळा ही फुलायची खूण. तो आता वरचेवर येतो. त्यामुळे झाडे वरचेवर फुलतात, कोणी या वर्षी, कोणी त्या वर्षी. पूर्वीची पूर्ण रिकामी वर्षे कमी झाली आणि झाडाझाडांतला मेळही सैल झाला. वरवर पाहता बियांची संख्या घटलेली नाही. पण पतंगाच्या अळ्यांना आता उपास घडत नाही, त्या अधिक बिया पोखरतात. पराग पुरेसे जमत नाहीत, पोकळ बिया वाढतात. रुजण्याजोगे बी कमी झाले. २०२४ मध्ये युरोपच्या इतर भागांतल्या नोंदींतही हाच बिघाड आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

मला वाटते, यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जंगलाला भेट देणाऱ्याला दर वर्षी थोड्या बिया दिसतील आणि तो म्हणेल, वा, झाड छान चालले आहे. रिकामे वर्ष पाहून आपण हळहळतो, आणि रिकामे वर्ष हरवले हे आपल्या ध्यानातही येत नाही. पिकाचा निम्मा भाग त्या न पिकण्यातच होता.

हे वाचून कोकणातले वाचक आंब्याकडे वळले असतील. हापूस वर्षाआड येतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. एका वर्षी लगडतो, पुढच्या वर्षी रुसतो. हापूसची कारणे बीचपेक्षा वेगळी आहेत, तिथे उंदरांना चकवण्याचा हेतू नाही. पण दमून बसणे तेच. आपल्याला ते परवडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दर वर्षी फळणारा ‘रत्ना’ १९८१ साली दिला. आणि खुद्द हापूसला दर वर्षी मोहर यावा म्हणून पावसाळ्यात मुळाशी कल्टार घालायची पद्धत पडली. ते मापात घातले, सोबत खत नीट दिले, तर दर वर्षी आंबा मिळतो. मापाबाहेर घातले तर झाडाची वाढ खुंटते, फांद्या आखडतात. बागायतदार हे माझ्यापेक्षा चांगले जाणतात.

माझा पुतण्या बाग करतो. मी त्याला एकदा बीचची ही सगळी कथा सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, “काकू, झाडाला वर्षाआड सुट्टी द्यायला माझी ना नाही. बँकेला तेवढे सांगा, एक वर्षाआड हप्ता घ्या म्हणून.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. झाडाच्या रिकाम्या वर्षाचे कौतुक पेन्शन घेणाऱ्या बाईने करणे सोपे असते. आम्ही शाळेतही काय वेगळे केले? दर वर्षी निकाल मागच्यापेक्षा चढा हवा, फळ्यावर टक्के हवेत, आणि एखादा मुलगा एखादे वर्ष नुसता खिडकीबाहेर बघत बसला तर पालकांना बोलावणे जायचे. ते वर्ष त्याने कशासाठी वापरले हे मोजायला आमच्याकडे तराजू नव्हता. झोलिंगच्या लोकांकडे निदान पातेरा तोलायचा काटा होता.

असो. पुतण्याने पुढे काय केले ते सांगते. बाग सगळी कल्टारवरच आहे, हप्ते चालू आहेत. विहिरीजवळची चार जुनी कलमे मात्र त्याने वेगळी ठेवली आहेत, त्यांना काही घालत नाही. गेल्या वर्षी त्यांना इतका आंबा आला की टेकू द्यावे लागले. यंदा चारही कलमांवर मोहराचा एक तुराही नाही. पालवी मात्र भरघोस आहे, तांबूस, लुसलुशीत. परवा फोनवर तो थोड्या नाराजीनेच म्हणाला, “काकू, तुमची झाडे बसली.”

बसू दे, म्हटले मी.